ज्येष्ठमधाची गोडी आणि मिठाचा हिशेब

गणपती जवळ आले की आमच्या घरी सियागंजातून दोन वस्तू हमखास येत. एक कापराचा पुडा आणि दुसरी ज्येष्ठमधाच्या काड्या. दुकानात ‘मुलेठी’ म्हणून मागायची आणि उंबरठा ओलांडून आत आली की तिचे ‘ज्येष्ठमध’ व्हायचे. इंदुरात चार-पाच पिढ्या काढलेल्या मराठी घरांत अशा कितीतरी वस्तू दोन नावांनी नांदतात. दोन वेळच्या आरत्या, अथर्वशीर्षाची आवर्तने, रात्रीचे भजन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्या मंडळींचा आवाज बसलेला असे. मग मंत्रपुष्पांजली संपली की प्रसादाच्या आधी ज्येष्ठमधाची डबी फिरायची. गालात काडी धरायची, हळूहळू चघळायची, दुसऱ्या दिवशी घसा तयार. मोठ्यांनी लहानांना बिनदिक्कत द्यावी अशी ती वस्तू होती, आणि अजून आहे.

मी या काडीच्या इतिहासाकडे वळलो तो एका घरच्याच प्रसंगामुळे. माझी मोठी बहीण भजनी मंडळात गाते. २०२० साली करोनाच्या धास्तीने घरोघरी काढे उकळू लागले तेव्हा ताईनेही सुरू केला. तुळस, सुंठ, दालचिनी आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर ज्येष्ठमधाची पूड. शिवाय दिवसभर गालात काडी होतीच. वय सत्तरच्या पुढे, रक्तदाबाची एक गोळी बरीच वर्षे चालू. दिवाळीच्या सुमारास तिचे पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जिना चढताना मांड्या लटपटायला लागल्या. रक्तदाब वर गेला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली, सूज उतरावी म्हणून लघवी साफ करणारे औषधही दिले. त्यानंतर ती जास्तच गळून गेली. शेवटी छातीत धडधडते म्हणून इस्पितळात नेली तर रक्तातले पोटॅशियम २.६ निघाले, ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीने विचारले, “आजी, याशिवाय घरचं काही औषध घेता का?” ताई म्हणाली, “छे, औषध कसलं? नुसतं ज्येष्ठमध.”

ती मुलगी लिहिता लिहिता थांबली. मी शेजारी उभा होतो आणि मला घाम फुटला. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवली. ज्येष्ठमधाच्या मुळाचा आडवा छेद फळ्यावर किती वेळा काढला असेल, तंतूंच्या कडेने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक कसे ओळीने दिसतात ते मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली किती वेळा दाखवले असेल. उपयोग काय, असे परीक्षेत विचारले की ‘खोकल्यावर, कफ पातळ करण्यासाठी, औषधाची कडू चव झाकण्यासाठी’ एवढे लिहिले की पूर्ण गुण. ताईच्या ओट्यावर ती पुडीची बरणी मी चार महिने पाहत होतो.

ज्येष्ठमध आपल्याकडचे म्हणावे तर मूळ झाड आपल्या मातीतले नाही. ते दक्षिण युरोप, कास्पियन समुद्राचा प्रदेश, इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या पट्ट्यात नदीकाठच्या रेताड जमिनीत वाढते. द्विदल कुळातले, आपल्या हरभऱ्या-वाटाण्याचे भाऊबंद. जांभळट फुले आणि जमिनीखाली दूरवर पसरणारी मुळे. भारतात पंजाब-हरियाणाकडे, काश्मिरात लागवडीचे प्रयोग झाले, तरी बाजारातला बराचसा माल आजही बाहेरूनच येतो. म्हणजे आजीच्या बटव्यातली ही काडी शतकानुशतके खैबरखिंडीतून किंवा समुद्रमार्गे प्रवास करून आपल्यापर्यंत पोचत आलेली आहे.

नावाची गंमतही सांगून टाकतो. ‘ज्येष्ठमध’ या शब्दाचा ज्येष्ठ महिन्याशी किंवा थोरपणाशी काही संबंध नाही. संस्कृतात ‘यष्टिमधु’, म्हणजे मधासारखी गोड काठी. यष्टीचे प्राकृतात ‘जट्ठि’ झाले, त्यातून गुजरातीतले ‘जेठीमध’ आणि आपले ‘जेष्ठीमध’. पुढे कुणा शुद्धलेखनाच्या भोक्त्याने त्याला ‘ज्येष्ठ’ करून टाकले. हिंदीतली मुलेठी त्याच यष्टीची, फक्त तिच्या आधी ‘मूल’ जोडलेले. ग्रीकांनी ‘गोड मूळ’ या अर्थाने ग्लिकिरायझा म्हटले आणि तेच आज शास्त्रीय नाव आहे. योगायोग असा की चिनी वैद्यकात या मुळाला ‘क्वो-लाव’, म्हणजे राज्यातला वडीलधारा, राजगुरू, अशी पदवी आहे. अनेक औषधांच्या मिश्रणात ते सगळ्यांना सांभाळून घेते म्हणून. तेव्हा आपल्या चुकीच्या ‘ज्येष्ठ’ला निदान चीनमध्ये तरी आधार सापडतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गण सांगितले आहेत. ‘मधुक’ या नावाने ज्येष्ठमध त्यांतल्या कितीतरी गणांत येते: आयुष्य वाढवणाऱ्या जीवनीय द्रव्यांत, कांती सुधारणाऱ्या वर्ण्य द्रव्यांत, जखम सांधणाऱ्यांत, आणि अर्थातच घशाला हितकर अशा कंठ्य गणात. रसायनाच्या प्रकरणात बुद्धी वाढवणारी जी चार रसायने दिली आहेत त्यांत ब्राह्मीच्या जातीची मंडूकपर्णी, गुळवेल आणि शंखपुष्पी यांच्या जोडीला दुधातून घ्यायची ज्येष्ठमधाची पूड आहे. एवढा मान फार थोड्या वनस्पतींना मिळाला.

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरच्या ग्रंथात या मुळाची नोंद केली ती ‘सिथियन मूळ’ म्हणून. सिथियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे घोडेस्वार लोक. दम्याला, कोरड्या खोकल्याला ते चांगले, हे तो सांगतोच. पण पुढे एक विलक्षण गोष्ट लिहितो. हे मूळ तोंडात धरले की तहान भागते, आणि सिथियन लोक हे मूळ व घोडीच्या दुधाचे चीज एवढ्यावर अकरा-बारा दिवस काढतात, अशी ती नोंद आहे. पूर्वी मी हे वाचून हसलो होतो. पुढची हकिकत कळल्यावर हसू आले नाही. अकरा दिवसांचा आकडा सोडून द्या. पण शरीरातले पाणी धरून ठेवण्याचा या मुळाचा गुण कुणीतरी फार पूर्वी ओळखला होता असे मला वाटते.

यानंतर दोन हजार वर्षे फारसे काही घडले नाही. मूळ उकळून आटवलेला काळा घट्ट अर्क, म्हणजे आपल्या बाजारात मिळणारे ‘सत मुलेठी’, युरोपात औषधवाल्यांकडे विकला जाई. इंग्लंडमधल्या पॉन्टफ्रॅक्ट गावी त्यात साखर घालून काळ्या चकत्यांची मिठाई होऊ लागली, हॉलंडमध्ये तर ती राष्ट्रीय आवड झाली. अमेरिकेत आयात होणाऱ्या मुळाचा मोठा वाटा तंबाखूला गोडवा आणि ओलावा देण्यात खर्ची पडत असे. औषध म्हणून मात्र सुशिक्षित डॉक्टरांच्या लेखी ज्येष्ठमधाची किंमत उरली नव्हती. गोड, निरुपद्रवी, चव झाकायला बरे.

ते मत बदलले हॉलंडच्या उत्तरेकडच्या हेरेनवेन या गावात. तिथे रेव्हर्स नावाचे डॉक्टर होते. गावातला एक औषधवाला पोटातल्या व्रणावर, म्हणजे अल्सरवर, ज्येष्ठमधाच्या काळ्या अर्काचे एक चाटण देत असे आणि लोकांना त्याने आराम पडत असे. त्या काळी अल्सरवर खात्रीचे औषध नव्हते. दूध, पथ्य, विश्रांती, नाहीतर शस्त्रक्रिया. गावठी चाटण म्हणून नाक मुरडण्याऐवजी रेव्हर्स यांनी आपल्या रुग्णांना ते देऊन पाहिले. आराम खरोखरच पडत होता. १९४६ साली, महायुद्ध नुकतेच संपले असताना, त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात आपले अनुभव छापले.

त्या लेखाचे महत्त्व वेगळ्याच ओळीत आहे. सुमारे पाचातल्या एका रुग्णाला चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येत होती. पोट बरे होत असताना रुग्ण सुजतो आहे, ही गोष्ट लेखकाने झाकली नाही. औषध गुणकारी आहे असे सांगणाऱ्याला असली नोंद नकोशी असते. औषधाचा प्रमाण कमी केल्यावर सूज उतरते, हेही त्यांच्या लक्षात आले. म्हणजे दोष रुग्णाच्या हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा नव्हता, मुळाचा होता. अर्धवट यशाची ही प्रामाणिक नोंद नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

ॲमस्टरडॅमला बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूज हातात घेतली. त्यांनी ज्येष्ठमधाचा अर्क देऊन लघवीतल्या क्षारांची मोजदाद केली. चित्र अगदी स्पष्ट होते. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवत होते, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकत होते, वजन आणि रक्तदाब वाढत होता. हे चित्र त्यांना ओळखीचे होते. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क म्हणतात. शरीरात मीठ किती ठेवायचे याचा हुकूम त्यांतून सुटणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, देत असते. प्रयोगशाळेत बनवलेले तसले एक संप्रेरक तेव्हा उपलब्ध होते, आणि ज्येष्ठमधाचा परिणाम हुबेहूब त्याच्यासारखा होता. १९५० साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. गंमत पाहा, मिठाचा कारभार पाहणारे शरीराचे स्वतःचे खरे संप्रेरक, अल्डोस्टेरोन, वेगळे काढून ओळखले गेले ते १९५३ साली. कारभारी सापडण्याआधीच त्याची नक्कल करणारी मुळी सापडली होती.

मग पुढचा विचार साहजिक होता. या ग्रंथी निकामी झाल्या की ॲडिसनचा रोग होतो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेला. माणूस खंगतो, कातडी काळवंडते, रक्तदाब पडतो, शरीरातले मीठ वाहून जाते. अशा रुग्णांना ज्येष्ठमध दिले तर? बोर्स्ट आणि ग्रोन यांच्या हाताखाली हॉलंडमध्ये हे केले गेले आणि काही रुग्ण खरोखर सावरले. खोकल्याची काडी एका जीवघेण्या रोगावर चालली! मी मुलांना हे सांगायला हवे होते. पाठ्यपुस्तकात नव्हते म्हणून सांगितले नाही.

पण इथेच एक खोच निघाली आणि ती चौतीस वर्षे तशीच राहिली. ज्यांच्या ग्रंथी थोड्या तरी शाबूत होत्या त्यांनाच ज्येष्ठमध लागू पडे. ज्यांच्या पूर्ण गेल्या होत्या त्यांच्यावर एकट्या ज्येष्ठमधाचे चालत नसे. मात्र अशांना जोडीला थोडे कॉर्टिझोन दिले की मुळीत पुन्हा जोर येई. १९५३ साली बोर्स्ट यांनी हे लिहून ठेवले. ज्येष्ठमधात संप्रेरकासारखा पदार्थ असेल तर त्याने एकट्याने काम करायला हवे. त्याला ग्रंथीतून येणाऱ्या दुसऱ्या कशाची गरज का लागावी? उत्तर त्या प्रश्नातच होते, पण ते वाचायला लागणारी लिपी तेव्हा तयार नव्हती.

दरम्यान दोन गोष्टी झाल्या. ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधाच्या गाभ्यातल्या द्रव्यावर प्रक्रिया करून कार्बेनोक्सोलोन नावाची अल्सरची गोळी तयार झाली. १९६२ साली तिची रीतसर चाचणी घेणाऱ्यांत रिचर्ड डॉल होते, सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून देणारे तेच. गोळीने व्रण भरत होते, पण सूज, रक्तदाब आणि पोटॅशियमची घट हे जुने सोबतीही आले. १९७६ नंतर सिमेटिडिन आले आणि ती गोळी मागे पडली. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. अल्डोस्टेरोन जास्त सुटल्याने होणारा रोग ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जेरोम कॉन यांच्यापुढे एक रुग्ण आला. त्याच रोगाची सारी लक्षणे, पण रक्तात अल्डोस्टेरोन जवळजवळ नाही. चौकशी केली तर हा गृहस्थ वर्षानुवर्षे रोज ज्येष्ठमधाची मिठाई खात होता. १९६८ साली कॉन यांनी ही हकिकत छापली. ताईच्या पलंगाशी उभी राहिलेली ती डॉक्टर मुलगी थांबली, ती बहुधा हा धडा नीट वाचलेला होता म्हणून.

कोडे सुटले ते भलत्याच वाटेने. काही मुलांना जन्मापासून रक्तदाब फार, पोटॅशियम कमी आणि अल्डोस्टेरोनही कमी, असा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मारिया न्यू आणि स्टॅन्ली युलिक यांनी अभ्यासला. ज्येष्ठमध न खाताच ज्येष्ठमध खाल्ल्यासारखी ही मुले. त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाचा निचरा नीट होत नव्हता. कॉर्टिसॉल म्हणजे त्याच अधिवृक्क ग्रंथींचे दुसरे संप्रेरक. ताणतणाव, साखर, सूज यांचा कारभार पाहणारे. त्याचा मिठाशी काय संबंध?

संबंध असा की मूत्रपिंडातल्या ज्या कुलपाला अल्डोस्टेरोनची किल्ली लागते, त्याच कुलपाला कॉर्टिसॉलही तितकेच नेमके बसते. आणि रक्तात कॉर्टिसॉलचे प्रमाण अल्डोस्टेरोनच्या शेकडो पट असते. मग कुलूप कायमचे उघडे का राहत नाही? आपण सगळेच का सुजत नाही? कारण मूत्रपिंडाच्या त्या पेशींच्या दाराशी एक पहारेकरी बसवलेला आहे. हा एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. आत शिरणाऱ्या कॉर्टिसॉलला तो पकडतो आणि त्याचे कॉर्टिझोन करून टाकतो, जे त्या कुलपाला लागत नाही. अल्डोस्टेरोनला मात्र तो हात लावत नाही. त्या मुलांत हा पहारेकरी जन्मतःच नव्हता. आणि ज्येष्ठमध? आपण खाल्लेल्या ग्लिसिरायझिनचे आतड्यातल्या जिवाणूंकडून ग्लिसिरेटिनिक आम्ल होते आणि ते या पहारेकऱ्यालाच निकामी करते. मग कॉर्टिसॉल बिनधास्त आत घुसते आणि मीठ धरून ठेवण्याचा हुकूम सोडत राहते. एडिंबरा इथे पॉल स्टुअर्ट आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी १९८७ साली सात निरोगी माणसांना ज्येष्ठमध देऊन हे दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि ऑस्ट्रेलियात जॉन फंडर यांनी पहारेकऱ्याचे काम स्वतंत्रपणे मांडले.

आता बोर्स्ट यांची खोच वाचून पाहा. ग्रंथी पूर्ण गेलेल्या रुग्णात कॉर्टिसॉलच नाही; पहारेकरी झोपवून उपयोग काय, आत शिरणार कोण? जोडीला कॉर्टिझोन दिले की शरीर त्यातून कॉर्टिसॉल बनवते, आणि मग मुळी कामाला लागते. ज्येष्ठमधात मीठ धरणारे संप्रेरक नव्हतेच. ती आपल्याच शरीरातल्या संप्रेरकाला नको त्या दारातून आत सोडत होती. वनस्पतीत ‘हार्मोन असते’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा हा फरक विसरतो. हा पहारेकरी आपल्याला आहे हेही विज्ञानाला नीट कळले ते या मुळीच्या त्रासामुळे आणि त्या मुलांमुळे.

ज्येष्ठमधात स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य दाखवणारी द्रव्येही आहेत, ग्लॅब्रिडिन हे त्यांतले एक. प्रयोगशाळेत ती सौम्य परिणाम दाखवतात; त्यावरून बाजारात जे दावे केले जातात ते फार पुढचे आहेत. इटलीतल्या पादुआ इथे १९९९ साली सात पुरुषांना रोज सात ग्रॅम ज्येष्ठमध दिल्यावर टेस्टोस्टेरोन घटल्याचे दिसले, पण नंतरच्या अभ्यासात एवढी घट सापडली नाही. या वादात मी शिरत नाही. एक गोष्ट मात्र घराघरांत कळायला हवी. असाच पहारेकरी वारेतही असतो आणि आईच्या कॉर्टिसॉलपासून पोटातल्या बाळाला जपतो. फिनलंडमध्ये काळी ज्येष्ठमधाची मिठाई फार खातात. तिथल्या पाहणीत गरोदरपणी ती भरपूर खाणाऱ्या बायकांची बाळंतपणे थोडी लवकर होताना दिसली, आणि आता तिथे गरोदर स्त्रियांना ती टाळायला सांगतात. आपल्याकडे गरोदर सुनेला खोकला झाला की ‘गोळ्या नकोत, ज्येष्ठमध चघळ’ असे सासू मायेने सांगते. ती काळजी खरी आहे, पण सल्ला बदलायला हवा.

मग प्रमाण किती? युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही नेहमीच्या सेवनाची वरची मर्यादा सांगितली. औषधी मुळात ते निदान ४ टक्के असावे अशी अपेक्षा असते. म्हणजे अडीच ग्रॅम पूड झाली की १०० मिलिग्रॅम भरले. आयुर्वेदीय औषधकोशातली पुडीची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे. दोन्ही हिशेब एकमेकांपासून फार लांब नाहीत. फरक आहे तो किती दिवस घ्यायचे यात, आणि घेणारा कोण यात. आमच्या लहानपणी वैद्यबुवा पूड मोजून कागदाच्या पुड्या बांधत. सात दिवसांच्या चौदा पुड्या. संपल्या की पुन्हा नाडी दाखवायला जायचे. बरणीभर पूड ओट्यावर ठेवून चमच्याने घेण्याची रीत वैद्यांची नव्हे, ती आपण बाजारातून आणली. चरकांनी विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अति सेवन करू नयेत असे बजावले आहे. त्या यादीत ज्येष्ठमध नाही. पण मीठ आहे, आणि ज्येष्ठमधाचा सारा खेळ शरीरातल्या मिठाचाच आहे.

ताईचा हिशेब मी रात्री वहीत मांडला. रोज दोन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम धरा, २४० मिलिग्रॅम. काढ्यात सगळे उतरत नाही हे खरे, पण वरून काड्या होत्या. असे चार महिने. त्यात सूज उतरवायला दिलेले औषध स्वतःच लघवीवाटे पोटॅशियम घालवणारे. मुळी एका बाजूने पोटॅशियम घालवत होती, गोळी दुसऱ्या बाजूने. डॉक्टरांना मुळीची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, कारण आमच्या घरात तिला कुणी औषध मानत नव्हते. २०२० सालीच अमेरिकेतल्या एका इस्पितळाने छापलेली हकिकत नंतर माझ्या वाचनात आली. ५४ वर्षांचा बांधकाम कामगार, रोज एक-दोन मोठी पाकिटे मऊ गोळ्या खायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याने फळांच्या चवीच्या गोळ्या सोडून ज्येष्ठमधाच्या घ्यायला सुरुवात केली होती. पोटॅशियम इतके उतरले की हृदयाचा ताल बिघडला आणि तो गेला. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन चाळिशीपुढच्यांना बजावते की रोज ५५-६० ग्रॅम काळी मिठाई दोन आठवडे खाल्ली तरी इस्पितळाची वेळ येऊ शकते.

कुणी विचारील, मग काडी गालात धरायचीच नाही का? निरोगी माणसाने गणपतीच्या दहा दिवसांत एखादी काडी चघळली तर काही होत नाही. आवाजासाठी आपल्या पानवाल्यांकडे गुंजेचा पालाही असतो. त्याची गोडी वेगळ्या द्रव्यांची आहे. (पाला तेवढा चालतो, लाल-काळी गुंज मात्र विषारी, ती सोनाराच्या तराजूतच बरी.) पण रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचे दुखणे असेल, लघवीची गोळी चालू असेल, किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर काढ्यात ज्येष्ठमध नको. आणि डॉक्टर ‘आणखी काही घेता का’ असे विचारतील तेव्हा बरणीचे नाव सांगायचे.

ताईला शिरेतून पोटॅशियम दिले, काढा बंद झाला. सूज पंधरवड्यात उतरली. रक्तदाब ताळ्यावर यायला मात्र दीड-दोन महिने लागले, कारण झोपवलेला पहारेकरी आणि दबलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. वाढवलेली गोळी पुन्हा निम्म्यावर आली. आता ती पूर्वीसारखी गाते, वरच्या सुरात किंचित कापते, पण ते वयाचे.

मागच्या वर्षी मंत्रपुष्पांजलीनंतर नेहमीप्रमाणे डबी फिरली. आत खडीसाखर आणि लवंगा होत्या. शेजारच्या काकांनी डबी उलटीपालटी करून विचारले, “ताई, काडी नाही आणली यंदा?” ताई म्हणाली, “आणली आहे, पर्समध्ये आहे. आधी सांगा, बीपीची गोळी कुठली घेता?”